गयाबाईच्या खड्ड्यातले बेडूक

बारा-तेरा दिवस पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. परभणीच्या रस्त्यांवर पुन्हा धूळ उडायला लागली होती. काल दुपारी तो परत आला आणि तासभर असा कोसळला की आमच्या घरामागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये गुडघाभर पाणी साचलं. आज सकाळी त्या पाण्यातून एक बेडूक ओरडायला लागला. एकटाच. ओरडायचा, थांबायचा, कुणी उत्तर देतंय का ऐकायचा, पुन्हा ओरडायचा. चहाचा कप हातात धरून मी खिडकीशी उभा राहिलो. चहा गार झाला तरी मी तिथंच होतो. मनानं मी वालूरच्या अलीकडं, गयाबाईच्या शेतातल्या चिखलात पालथा पडलेलो होतो. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात.

त्या पावसाळ्याबद्दल सांगायचं तर आधी माझ्या नोकरीबद्दल सांगावं लागेल. एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी परिचर होतो. पोरं मला मामा म्हणायची. काचेची भांडी धुणं, बरण्यांतलं फॉर्मलिन बदलणं, सूक्ष्मदर्शकं पुसून ठेवणं, ही माझी कामं. आणि बेडूक आणणं. त्या काळी प्रॅक्टिकलला बेडूक कापावा लागायचा. बेडूक पुरवणारा माणूस ऐनवेळी टांग द्यायचा, मग सर म्हणायचे, "मामा, बघा की काहीतरी." मी पोतं घेऊन निघायचो. वालूरच्या रस्त्याला एका शेतात वीटभट्टीसाठी माती काढलेला मोठा खड्डा होता. पावसात तो भरायचा आणि पिवळ्याधमक नरांनी नुसता गजबजून जायचा. शेतमालक मोकळ्या मनाचा होता. "न्या की, बेडकाला कोन इचारतंय," म्हणायचा. दोन तासांत माझं पोतं भरायचं. मोटारसायकलला मागं बांधलं की ते सबंध रस्ताभर माझ्या पाठीला लागून हलत राहायचं.

मग क्लोरोफॉर्म. मग मेणाचा ट्रे. बेडूक उताणा ठेवायचा, चारी पाय ताणून टाचण्या मारायच्या आणि ट्रे पोरांपुढं सरकवायचा. माझा हात इतका बसला होता की सर नव्या पोरांना म्हणायचे, मामांचं बघून शिका.

दर पौर्णिमेला विहारात मी हात जोडून पंचशील म्हणायचो. पहिलंच शील कुठल्याही जिवाची हत्या न करण्याचं. म्हणताना माझा आवाज इतरांपेक्षा मोठा असायचा. एकदाही अडखळलो नाही, याचंच आता नवल वाटतं.

माझी मुलगी सुजाता त्याच कॉलेजात बी.एस्सी.ला आली. वर्गात तीही इतरांसारखं मला मामाच म्हणायची. तसं आमचं घरी ठरलं होतं. पहिल्या प्रॅक्टिकलला मी तिच्यापुढं ट्रे ठेवला. तिनं सरांनी सांगितलं तसं पोट उघडलं, आणि तिचा हात थांबला. उघडलेल्या छातीत बोटाच्या पेराएवढं ते काळीज उडत होतं. सावकाश, एका तालात. तिनं वर बघितलं आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाली, "बाबा, ह्याचं चालूच हाय अजून."

सर म्हणाले, "होतं तसं, काही वेळ चालतं." मी पुढच्या टेबलाकडं गेलो. घरी आल्यावर सुजातानं एवढंच विचारलं, "बाबा, रोज किती असतेत?" मी आकडा सांगितला.

पुढं कॉलेजातलं बेडूक कापणं बंद झालं. कॉम्प्युटरवर चित्रं आली. मीही वय झाल्यावर घरी बसलो. सुजाता पुण्याला बँकेत लागली होती. तिनं नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना मला आणून दिला, सोबत अगदी जवळून फोटो काढायची एक लेन्स. फोनवर शिकवायची. "बाबा, श्वास रोखून धरा. डोळ्यावर फोकस करा. डोळा चुकला की फोटो गेला." मी जास्वंद काढली, मुंग्या काढल्या. एके दिवशी न्हाणीच्या मोरीत एक बेडूक बसलेला दिसला. लेन्स त्याच्याजवळ नेली आणि काचेतून बघितलं.

सोन्याची बारीक वाटून पूड करावी आणि तिच्यावर काळ्या शाईच्या रेघा ओढाव्यात, तसा तो डोळा होता. मधे आडवी काळी बाहुली. मी मोरीपुढं गुडघ्यांवर बसलो होतो, आणि माझ्या ध्यानात आलं की एवढी वर्षं इतके बेडूक माझ्या हाताखालून गेले, पण मी एकाचाही डोळा पाहिला नव्हता. आम्ही बेडूक उताणाच ठेवायचो.

त्या वर्षी पेरण्या झाल्यावर दोन दिवस जोराचा पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी सकाळीच मी गाडी काढली. कॅमेरा प्लास्टिकमध्ये गुंडाळून पिशवीत घेतला आणि चिखलात पालथं पडायला लागणार म्हणून एक रिकामं पोतं घडी करून सोबत घेतलं. खड्डा काठोकाठ भरला होता. लांबूनच ओरडणं ऐकू येत होतं. पोतं काखेत मारून मी बांधावर चढलो, तोच मागून आवाज आला.

"ओ, थांबा तितंच! पोत्यात काय हाय?"

साठीपुढची एक बाई हातात काठी घेऊन सोयाबीनच्या तासातून झपाझप येत होती. गयाबाई. मालकाची बायको. मागं तिला मी एक-दोनदा लांबून पाहिलं होतं, बोलणं कधी झालं नव्हतं.

"काही न्हाई बाई, रिकामं हाय."

"रिकामंच असतंय आधी. मंग भरतंय." तिनं मला खालून वर न्याहाळलं. "वळखलं मी तुमाला. तुमी ते बेडूकवाले. केस पांढरे झाले तरी चाल तीच हाय."

मी पिशवीतून कॅमेरा काढून दाखवला. "आता पकडत न्हाई. फोटो काढायलोय निस्ता."

"मालक होते तवा त्यांनी तुमाला हो म्हनलं. मला कुनी इचारलं न्हाई. तुमी पाच-सहा सालं पोती भरभरून नेली, आन मंग ह्या खड्ड्यात आवाजच निघंना. भर पावसाळ्यात असा खड्डा, आन गप. लय वंगाळ वाटायचं. पिकावर किडे, घरात डास. आता कुटं दोन-चार साल झाले, परत बोलायलेत. आन तुमी परत पोतं घिऊन हजर."

मी पोतं तिच्या हातात दिलं. "हे तुमच्यापाशी ठेवा. मी तसाच पडतो चिखलात."

तिनं पोतं घेतलं, बांधावर अंथरलं आणि त्यावर बसली. काठी मांडीवर आडवी. "काढा. मी हाय हितंच."

माझ्या पाठीला तिची नजर टोचत होती. मी कोपरांवर सरकत पाण्याच्या कडेला गेलो. काळी माती शर्टाच्या आत शिरली. वीतभर अंतरावर एक पिवळा नर बसला होता. ओरडताना त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगायचे आणि समोरचं पाणी थरथरायचं. मी जवळ गेलो की तो गप्प व्हायचा. मी श्वास रोखायचो. मिनिट, दोन मिनिटं. घाम डोळ्यांत उतरायचा, पुसता यायचा नाही. मग तो पुन्हा सुरू व्हायचा, आणि मी शटर दाबायचो. असा तासभर गेला असेल. तो मला सरावला होता. लेन्सची कड त्याच्यापासून चार बोटांवर होती आणि काचेत फक्त त्याचा डोळा उरला होता.

एकाएकी सगळा खड्डा गप्प झाला.

आधी वाटलं, माझं काही चुकलं. मी हललो नव्हतो. काचेत त्या डोळ्याची काळी बाहुली स्थिर होती. गळ्याची थरथरसुद्धा बंद पडली होती.

"बेडूकवाले," गयाबाईचा आवाज आला. अगदी हळू. "हलू नका. डाव्या अंगाला नाग हाय."

मी कॅमेऱ्यावरून नजर काढली नाही, काढायचं धाडसच झालं नाही. डाव्या कानाशी गवत सरकल्याचा आवाज आला. कोपराजवळ ओल्या मातीवरून काहीतरी ओढत नेल्यासारखं. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला गव्हाळ रंगाचा एक पट्टा पुढं जाताना दिसला. तो संपतच नव्हता. मी नकळत कोपर आत ओढलं असावं, कारण तो पट्टा थांबला, आणि माझ्या तोंडापासून दीड हातावर फणा उभा राहिला.

"श्वास घिऊ नका मोठ्यानं," ती म्हणाली. बांधावर तिच्या पायाखालचं ढेकूळ फुटल्याचं ऐकू आलं. ती उभी राहिली होती. तिच्या हातातली काठी मला आठवली. तिनं मारलं आणि नेम चुकला, तर तो कुठं येणार हे मला कळत होतं. ओरडून सांगावं, मारू नका म्हणून, तर तोंड उघडायची सोय नव्हती. माझी छाती चिखलाला टेकलेली होती आणि काळीज असं उडत होतं की ते ठोके नागाला जमिनीतून कळत असतील, असं वाटलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. फणा उतरला. मग पाण्यावर सपकन आवाज झाला आणि बेडूक ओरडला. एरवीचं ओरडणं वेगळं. हे लहान लेकरानं घाबरून टाहो फोडावा तसं, लांबलचक. माझा हात त्याच्यापासून वीतभर दूर होता. मी एकदा हात आपटला असता तर कदाचित तो सुटला असता. मी हात आपटला नाही. तो आवाज गवतातून बांधापलीकडं गेला, बारीक झाला, आणि थांबला.

"उठा आता," गयाबाई म्हणाली.

मला उठता येईना. तिनं काखेत हात घालून मला बांधावर आणून बसवलं, कमरेची पाण्याची बाटली तोंडाशी धरली. "मारनार होते. पन तुमच्या तोंडावरच गेला असता. म्हनून दम धरला."

"माझ्यापुढून नेलं त्यानं. मी काही केलं न्हाई," मी म्हणालो.

"त्याचं खानंच हाय ते." ती बाटलीचं झाकण लावत बसली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुमी कशाला नेत होता? खायला?"

मी तिला सगळं सांगितलं. ट्रे, टाचण्या, पोरांचे मार्क. सुजाता काय म्हणाली तेही. कुणाला इतकं सरळ सांगण्याची ती पहिलीच वेळ. विहारातही कधी बोललो नव्हतो. गयाबाई ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं.

"पोरगी बोलती का तुमच्याशी?"

"बोलती. हा कॅमेरा तिनंच दिला."

"मंग दावा काय काढलं ते."

मी मागच्या पडद्यावर फोटो दाखवायला लागलो. निळे फुगे, पाण्यावरच्या गोल रेघा, पायाची बोटं. शेवटचा फोटो त्या डोळ्याचा होता. सोनेरी कडं, काळी बाहुली, आणि बाहुलीत ढगाळ उजेडाचा एक तुकडा. त्या उजेडात एक बारीकशी उभी आकृती.

"ही कोन?" गयाबाईनं कॅमेरा डोळ्यांजवळ नेला.

"तुमीच. काठी दिसायली बघा."

ती कितीतरी वेळ बघत राहिली. नाग येण्याच्या जरा आधी ती पाय मोकळे करायला उभी राहिली असेल, तेवढ्यात मी शटर दाबलं असेल. "म्हंजे मी त्याला दिसत होते," ती म्हणाली. आणि कॅमेरा माझ्या हातात दिला.

त्यानंतर मी आठवड्यातून दोनदा जायला लागलो. नरांचा पिवळा रंग ओसरून गेला होता. पाण्यात हजारो पिल्लं झाली होती, शेपटी आणि डोकं, दुसरं काही नाही. आणि नेमका तेव्हा पाऊस थांबला. आठ दिवस झाले, दहा झाले. सोयाबीनची पानं दुपारी माना टाकायला लागली. खड्ड्याचं पाणी रोज कडेपासून हातभर आत सरायचं आणि मागं भेगा सोडायचं. बारा दिवसांनी ते दोन बाजांएवढं राहिलं. त्यात पिल्लांची अशी दाटी की पाणी उकळतंय असं वाटायचं. मागचे पाय नुकते फुटायला लागले होते. पाय पुरे फुटून शेपटी जायला अजून तीन आठवडे तरी हवे होते. तेवढे दिवस पाणी हवं होतं. काठावर बगळे येऊन बसायचे.

"बाई, बोअरचं थोडं पानी सोडता का?" मी विचारलं.

"लाईट किती तास असती ठाव हाय का? पीक वाळायलंय माजं. पिकाला सोडू का बेडकाच्या पिल्लांला?" ती चिडून म्हणाली. तिचं बरोबर होतं. मी पुन्हा विचारलं नाही.

मी घरून दोन कॅन आणले. रस्त्याच्या हापशावर भरायचे, गाडीला बांधायचे, बांधावरून एक-एक करत न्यायचे. दिवसाला सहा-सहा खेपा. माझे गुडघे रात्री ठणकायचे. काळी माती एक कॅन पाणी बघता बघता पिऊन टाकायची आणि खड्ड्यात काही फरक दिसायचा नाही. कॅमेरा पिशवीतच राहायचा. मी पोत्यातून नेले होते तेवढे तरी जगावेत, असा काहीतरी हिशेब माझ्या डोक्यात बसला होता. गयाबाई लांबून खुरपणी करत बघायची.

चौथ्या दिवशी उन्हानं माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली, म्हणून पाचव्या दिवशी घरीच पडून राहिलो. दिवसभर तीच दाटी डोळ्यांपुढं. सहाव्या दिवशी गेलो ते मन घट्ट करून. वाटलं, आता चिखलात वाळलेल्या शेपट्या बघायच्या. बांधाजवळ आलो तर मोटारीचा आवाज येत होता. काळा पाईप सोयाबीनमधून थेट खड्ड्यात सोडलेला, तोंडाला पोत्याचा तुकडा बांधलेला, म्हणजे धारेनं पिल्लं उडू नयेत. पाणी गुडघाभर झालं होतं. गयाबाई पाठमोरी बसून खुरपत होती.

"पाईप सरकला वाटतं," मागं न बघता ती म्हणाली. "ध्यानातच न्हाई आलं."

मी काही बोललो नाही. बोललो असतो तर तिनं पाईप काढून घेतला असता. पुढं आठवडाभर तो पाईप रोज तासभर सरकत राहिला. एक दिवस मी गेलो तर बगळे हाकलायला खड्ड्याच्या चारी कोपऱ्यांना फाटक्या साड्यांच्या चिंध्या बांधलेल्या. मग पाऊस आला, आणि दोघांच्याही मानेवरचं ओझं उतरलं.

श्रावण लागला. एका सकाळी रिमझिम चालू होती. मी बांधावर पोचलो तेव्हा गयाबाई खड्ड्याच्या काठावर, कमरेवर कळशी घेऊन, एकाच जागी खिळल्यासारखी उभी होती. मला वाटलं पुन्हा नाग. मी जागच्या जागी थांबलो.

"काय झालं बाई?"

"हळू बोला."

मी खाली बघितलं. पाण्यातून नखाएवढे बेडूक बाहेर येत होते. काहींना अजून शेपटीचं टोक होतं. शेकड्यांनी. गवतावरून, ढेकळांवरून, आणि गयाबाईच्या पायांवरून. तिची बोटं, जोडवी, घोट्यापर्यंतचा चिखल, सगळीकडं ते चढत होते, एक क्षण बसत होते आणि पलीकडं सोयाबीनमध्ये उड्या मारत होते. तिनं पाय उचलला असता तर दहा-वीस चिरडले असते. ती कधीपासून उभी होती कोण जाणे. भरलेल्या कळशीनं तिचा खांदा एका बाजूला झुकला होता आणि चेहऱ्यावर पाऊस होता.

मी पालथा पडलो. कॅमेरा तिच्या पायाजवळ नेला. काच धूसर दिसत होती. बाहीनं पुसली, तरी तशीच. मग कळलं की काच स्वच्छ आहे.

"काढा की लौकर," वरून गयाबाई म्हणाली, "माजा पाय भरून आलाय."